जुन्या हलत्या आर्केड कॅबिनेटसाठी नवा मोटर नियंत्रण बोर्ड कसा बांधावा

जपानच्या सेगा कंपनीचा 'स्पेस हॅरिअर' हा आर्केड खेळ १९८५ साली आला, १९८६ मध्ये 'आउटरन' आणि १९८७ मध्ये 'आफ्टर बर्नर'. सेगाचे खेळ-रचनाकार यू सुझुकी यांच्या हातून घडलेल्या या खेळांच्या डिलक्स कॅबिनेटमध्ये पडद्यावरची गाडी किंवा विमान कलले की खेळणाऱ्याची बैठकही मोटरच्या जोरावर कलत असे. आज या यंत्रांच्या गेम बोर्डांची सोय बऱ्यापैकी झालेली आहे. प्रोग्राम जतन झालेले आहेत आणि मूळ बोर्ड मेला तरी पर्याय सापडतो. मोटर चालवणाऱ्या बोर्डाचे तसे नाही. तो कॅबिनेटच्या तळाशी, ग्रीस आणि कार्बन ब्रशच्या काळ्या भुकटीत वर्षानुवर्षे राबलेला असतो, आणि तो जळाला की मालक मोटरची वायर कापून कॅबिनेट कायमचे स्थिर करून टाकतात.

नागपुरात माझ्या कार्यशाळेत आलेले दोन आसनांचे मोटारशर्यतीचे कॅबिनेट याच अवस्थेत होते. ते पुन्हा हलते करण्यासाठी जो बोर्ड मी अखेर बांधला, त्याची कृती येथे देत आहे. ही कृती डावी-उजवीकडे झुकणाऱ्या, एका मोटरच्या, २४ व्होल्ट डीसी कॅबिनेटसाठी आहे. दोन अक्षांच्या कॅबिनेटला हाच बोर्ड दोनदा बांधावा लागतो. सेगाच्या १९९० च्या आर-३६० सारख्या पूर्ण उलट्या फिरणाऱ्या यंत्राला मात्र या कृतीने हात लावू नये. तिथे माणूस पट्ट्याने बांधून उलटा टांगला जातो आणि त्याचा हिशेब वेगळा आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावर उभे आहेत. हा बोर्ड शे-दीडशे किलोचे लोखंड आणि त्यावर बसलेली मुले हलवतो. त्यामुळे कॅबिनेट कसे हलेल हा प्रश्न दुसरा. वायर तुटली, प्रोग्राम अडकला किंवा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर ते कसे थांबेल, हा पहिला.

आधी मोटर ओळखा

कॅबिनेटचा मुख्य प्लग काढा, झुकणाऱ्या भागाखाली दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे द्या आणि मगच हात आत घाला. मोटरच्या अंगावरची पट्टी रॉकेलच्या बोळ्याने पुसून वाचा. तिच्यावर एसी लिहिलेले असेल, तर हा लेख तुमच्या कामाचा नाही. ९० किंवा १८० व्होल्ट डीसी लिहिलेले असेल, तर बाजारात मिळणारा तयार डीसी ड्राइव्ह घ्यावा हे उत्तम. जुन्या काळच्या अशा बोर्डांत घरातली वीज थेट रेक्टिफाय करून थायरिस्टरमधून मोटरला दिलेली असू शकते, म्हणजे बोर्डाचा ग्राउंड धरून संपूर्ण बोर्डच जिवंत असतो. ऑसिलोस्कोपची क्लिप अशा ग्राउंडला लावली की ठिणगी उडते आणि स्कोप जातो. कॅबिनेट जपानमधून आलेले असेल तर मूळ ट्रान्सफॉर्मर १०० व्होल्टचा असणार हेही लक्षात असू द्या. माझ्याकडच्या कॅबिनेटची मूळ मोटर आधीच्या कोणीतरी काढून तिथे वर्म गिअरबॉक्सची २४ व्होल्टची मोटर बसवली होती, आणि ते बरेच झाले. मोठ्या गुणोत्तराचा वर्म गिअर सहसा बैठकीच्या वजनाने उलटा फिरत नाही, त्यामुळे वीज गेली तरी कॅबिनेट धाडकन एका बाजूला कोसळत नाही.

आता मोटर जास्तीत जास्त किती करंट ओढू शकेल ते काढायचे. मल्टिमीटरच्या ओहमच्या खुणेवर विसंबू नका, कारण त्याच्या वायरींचाच अवरोध अर्धा ओहम निघतो. करंट मर्यादित करता येणाऱ्या सप्लायने मोटरमधून २ अँपिअर सोडा, शाफ्ट फिरू देऊ नका आणि मोटरच्या टोकांवरचा व्होल्टेज मोजा. शाफ्ट थोडा थोडा फिरवून पाच-सहा ठिकाणी हेच करा आणि सर्वांत कमी आकडा धरा. मला २.२ व्होल्ट मिळाले, म्हणजे १.१ ओहम. २४ व्होल्टला १.१ ने भागले की सुमारे २२ अँपिअर येतात. मोटर अडकली तर ती एवढा करंट मागणार. मी बोर्डाची मर्यादा १५ अँपिअर ठेवली. चालताना आमचे कॅबिनेट सहा ते आठ अँपिअरच्या वर क्वचितच जाते.

गेम बोर्ड काय सांगतो, ते आधी टिपून घ्या

जुना बोर्ड काढण्यापूर्वी त्याच्याकडे येणाऱ्या प्रत्येक वायरीचा रंग, खूण आणि व्होल्टेज वहीत लिहा, फोटोही काढा. त्यानंतर गेमच्या टेस्ट मेनूत मोटरची चाचणी असेल तर ती चालवून कोणत्या वायरीवर काय बदलते ते पाहा. आमच्या यंत्रात गेम बोर्डाकडून चार वायरी येत होत्या आणि त्यांवर शून्य ते पंधरा असा आकडा येत होता. मधला आकडा म्हणजे सरळ, दोन टोकांचे आकडे म्हणजे पूर्ण डावे आणि पूर्ण उजवे. चार एलईडी लावून, खेळ सुरू ठेवून, पडद्याकडे आणि एलईडींकडे आलटून पालटून पाहत अर्धा तास बसलो तेव्हा हे उलगडले. तुमच्या यंत्रात वेगळे निघेल, पण शोधण्याची रीत हीच.

या चार वायरी नव्या बोर्डात थेट आणू नयेत. त्या पीसी ८१७ या ऑप्टोकपलरमधून, म्हणजे विजेचा थेट जोड न ठेवता प्रकाशाने संकेत पुढे देणाऱ्या चिपमधून, आणाव्यात. मग मोटरच्या बाजूला काही जळाले तरी दुर्मीळ गेम बोर्ड वाचतो. इथे एक बारकावा आहे. जुन्या ७४ एलएस मालिकेच्या चिपचा आउटपुट वर असताना जेमतेम ०.४ मिलीअँपिअर देऊ शकतो, पण खाली असताना ८ मिलीअँपिअर गिळू शकतो. म्हणून ऑप्टोकपलरमधल्या एलईडीचे एक टोक ६८० ओहममधून गेमच्या ५ व्होल्टला आणि दुसरे टोक आउटपुटला जोडावे. सुमारे ५ मिलीअँपिअर वाहतात आणि काम होते. संकेत उलटा होतो, तो प्रोग्राममध्ये सरळ करून घ्यावा.

गेमलाही कॅबिनेटची जागा कळावी लागते, नाहीतर तो सुरुवातीलाच मोटरचा दोष दाखवून हालचाल बंद करतो. 'आउटरन'चे डिलक्स कॅबिनेट सुरू होताना मोटर तपासून घेते, ते याचसाठी. यावर मला सापडलेला सर्वांत स्वच्छ उपाय म्हणजे एकाच दांड्यावर दोन पोटेन्शिओमीटर (दांडा फिरवला की अवरोध बदलणारे भाग, थोडक्यात पॉट) असलेला जोड पॉट बसवणे. त्यातील एक भाग पूर्वीप्रमाणे गेमला जातो, दुसरा आपल्या बोर्डाला, आणि दोघांचा विजेचा संबंध येत नाही.

वीजपुरवठा

मोटरसाठी मी एसएमपीएस, म्हणजे स्विचिंग पद्धतीची तयार सप्लाय, वापरली नाही. मोटर अचानक थांबवली की ती जनरेटर होऊन वीज परत पाठवते, आणि स्वस्त एसएमपीएस त्या वाढलेल्या व्होल्टेजला घाबरून बंद पडते. त्याऐवजी १८ व्होल्ट, ५०० व्हीए असा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेतला. त्यापुढे ३५ अँपिअरचा ब्रिज रेक्टिफायर हीटसिंकवर, आणि त्यानंतर १०,००० मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा कपॅसिटर. १० अँपिअरला हा ब्रिज सुमारे २० वॉट उष्णता टाकतो, तेव्हा हीटसिंकशिवाय चालेल असे समजू नका. वाइंडरने मला विचारले होते, "भाऊ, तीनशे व्हीएत काम होते, पाचशेचा पैसा कशाला?" प्रश्न रास्त होता, पण रेक्टिफायर आणि कपॅसिटर लावल्यावर ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमधला एसी करंट हा डीसी करंटच्या पावणेदोन पटीपर्यंत जातो, हे तो हिशेबात धरत नव्हता.

बोर्डाच्या मेंदूसाठी, म्हणजे प्रोग्राम चालवणाऱ्या मायक्रोकंट्रोलर चिपसाठी, मात्र वेगळी, २४ व्होल्ट २ अँपिअरची छोटी एसएमपीएस ठेवावी आणि तिच्यातून व्होल्टेज उतरवणाऱ्या बक मॉड्यूलने १२ आणि ५ व्होल्ट काढावेत. मोटरची वीज तोडली तरी बोर्ड जागा राहिला पाहिजे, नाहीतर का थांबले हे तो सांगणार कसा? दोन्ही सप्लायचे ग्राउंड एकाच बिंदूवर, ब्रिजजवळ, जोडावेत.

मोटर चालवणारा पूल

मोटर दोन्ही दिशांना फिरवण्यासाठी चार मॉसफेटचा (विजेने चालू-बंद होणाऱ्या ट्रान्झिस्टर-स्विचांचा) एच-ब्रिज लागतो. मॉसफेटचा गेट हा पाय त्याला चालू-बंद करतो, आणि मोटरचा करंट ड्रेन व सोर्स या पायांमधून जातो. तयार मॉड्यूलांवर ४३ अँपिअर असे छापलेले असते, पण तळहाताएवढ्याही नसलेल्या हीटसिंकवर, मे महिन्यातल्या नागपुरात, त्या आकड्याला काही अर्थ नाही. म्हणून ब्रिज स्वतः बांधावा. त्यासाठी दोन आयआर २१०४ गेट ड्रायव्हर आणि चार आयआरएफझेड ४४ एन मॉसफेट पुरतात.

दुकानात गेलात की आयआरएफ ३२०५ घ्या असा सल्ला मिळेल, कारण त्याचा अवरोध ८ मिलीओहम आणि याचा १७.५. मोह होतो, पण या ड्रायव्हरबरोबर तो घेऊ नये. आयआर २१०४ गेटमध्ये सुमारे १३० मिलीअँपिअर ढकलतो आणि २७० ओढतो. ४४ एनचा गेट भरायला ६३ नॅनोकूलंब लागतात, ३२०५ चा भरायला १४६. म्हणजे ३२०५ बंद व्हायला अर्ध्या मायक्रोसेकंदाहून अधिक वेळ घेतो, आणि ड्रायव्हरने वरचा व खालचा मॉसफेट एकदम चालू होऊ नयेत म्हणून सोडलेली फट आहे ५२० नॅनोसेकंदांची. फट संपते आणि दोघे क्षणभर एकमेकांना शॉर्ट करतात. ४४ एन पाव मायक्रोसेकंदात बंद होतो. १० अँपिअरला त्यात पावणेदोन वॉट, गरम झाल्यावर तीनेक वॉट जातात, आणि ते साध्या ॲल्युमिनिअमच्या पट्टीने सहज निघतात.

मॉसफेट खरे आहेत का, ते मात्र बसवण्यापूर्वी तपासा. एकदा नागपुरातल्या बर्डीच्या बाजारातून आणलेल्या दहा नगांपैकी सहा नग अंगावर छापलेल्या नावाचे नव्हतेच, हे मला दोन ब्रिज जळाल्यावर कळले. तपासणी पाच मिनिटांची आहे. गेटला १० व्होल्ट द्या, ड्रेनमधून ५ अँपिअर सोडा आणि ड्रेन-सोर्समधला व्होल्टेज अगदी पायांच्या मुळाशी मोजा. तो ९० मिलीव्होल्टच्या आसपास किंवा कमी हवा. माझ्या त्या सहा नगांवर तो तिनशेच्या पुढे होता.

प्रत्येक गेटला २२ ओहमचा रेझिस्टर, त्याला समांतर एक ४१४८ डायोड अशा दिशेने की गेट रिकामा होताना रेझिस्टर टाळला जाईल, आणि गेट-सोर्समध्ये १० किलोओहम. वरच्या मॉसफेटला जोर देणाऱ्या बूटस्ट्रॅपसाठी १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि यूएफ ४००७ हा जलद डायोड. इथे साधा १ एन ४००७ लावलात तर सर्किट टेबलावर चालेल आणि तासाभराने मरेल. बूटस्ट्रॅपचा कपॅसिटर खालचा मॉसफेट चालू असतानाच भरतो, म्हणून ड्यूटी, म्हणजे प्रत्येक आवर्तनात वीज चालू असण्याचे प्रमाण, कधीही शंभर टक्के करू नये. ९५ टक्क्यांवर थांबावे. ब्रिजच्या अगदी लगत, दोन-तीन सेंटिमीटरच्या आत, २२०० मायक्रोफॅरड ६३ व्होल्ट आणि ०.१ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर हवाच.

पीसीबीवर करंटचे ट्रॅक १० मिलीमीटर रुंद ठेवा आणि त्यांवर दीड चौरस मिलीमीटरची उघडी तांब्याची तार पसरून सोल्डरने भरून घ्या. मोटरची वायर लग दाबून स्क्रू टर्मिनलवर आणावी. वायरीच्या टोकाला सोल्डर लावून ती स्क्रूखाली दाबली तर सोल्डर दबत जातो आणि काही महिन्यांत जोड सैल होतो.

थांबवण्याची व्यवस्था

माझ्या पहिल्या बोर्डात लिमिट स्विच (कॅबिनेट टोकाला पोहोचले की दबणारे स्विच) होते, पण ते मायक्रोकंट्रोलरला जोडलेले होते आणि थांबायचे की नाही हे प्रोग्राम ठरवत होता. चाचणीच्या तिसऱ्या दिवशी पॉटच्या वायरीचा सोल्डर निखळला. वाचन शून्य झाले, प्रोग्रामला वाटले कॅबिनेट पूर्ण डावीकडे आहे, आणि त्याने ते पूर्ण जोराने उजवीकडे लोटले. प्रोग्राम त्याच वेळी मी घातलेल्या एका नव्या ओळीत अडकलेला होता, त्यामुळे लिमिट स्विच दबला तरी त्याने तो वाचला नाही. रबरी बफर चेपले गेले, वर्म गिअर ढकलतच राहिला, गिअरबॉक्स धरणारा बोल्ट वाकला आणि चाचणीसाठी माणसाऐवजी बैठकीवर ठेवलेले रेतीचे एक पोते खाली पडून फुटले. शेजारचा वेल्डिंगवाला मिस्त्री आवाज ऐकून धावत आला, जमिनीवर पसरलेल्या रेतीकडे पाहिले आणि म्हणाला, "भाऊ, रेती होती म्हणून बरं."

त्यानंतर जी रचना केली ती तीन थरांची आहे. पहिल्या थरात डावा आणि उजवा लिमिट स्विच मायक्रोकंट्रोलरला विचारत नाहीत. मायक्रोकंट्रोलरकडून निघणारे दोन पीडब्ल्यूएम (वेगाने चालू-बंद होऊन ड्यूटी ठरवणारे) संकेत, एक डावीकडे नेणारा आणि एक उजवीकडे नेणारा, ७४ एचसी ०८ या अँड गेटमधून (दोन्ही इनपुट वर असतील तरच आउटपुट वर देणाऱ्या चिपमधून) जातात आणि प्रत्येकाच्या दुसऱ्या पायावर त्या त्या बाजूचा लिमिट स्विच असतो. स्विच नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे न दाबता जोडलेला राहणाऱ्या, प्रकारचा घ्यावा, त्यातून ५ व्होल्ट यावेत आणि पायाला १ किलोओहमने ग्राउंड द्यावा. म्हणजे स्विच दबला काय किंवा त्याची वायर उंदराने कुरतडली काय, त्या दिशेचा संकेत शून्य होतो. आयआर २१०४ ला शून्य मिळाले की खालचा मॉसफेट चालू होतो. दोन्ही बाजूंना शून्य असले की मोटरची दोन्ही टोके ग्राउंडला जोडली जाऊन तिला विजेचा ब्रेक लागतो. उलट दिशेला जाण्याची वाट मात्र मोकळी राहते, म्हणून कॅबिनेट टोकाला अडकून बसत नाही.

दुसरा थर करंटचा. एसीएस ७१२ च्या २० अँपिअरच्या सेन्सरवर शून्य करंटला २.५ व्होल्ट येतात आणि प्रत्येक अँपिअरला १०० मिलीव्होल्टचा फरक पडतो. म्हणून एका दिशेला १५ अँपिअर म्हणजे ४ व्होल्ट, दुसऱ्या दिशेला १ व्होल्ट. या दोन सीमांवर एलएम ३९३ चे दोन कम्पॅरेटर (दोन व्होल्टेजची तुलना करणारे) बसवावेत आणि त्याला वीज १२ व्होल्टची द्यावी, कारण ५ व्होल्टवर त्याचे इनपुट साडेतीन व्होल्टच्या वर नीट काम करत नाहीत. त्याचे दोन्ही आउटपुट एकत्र करून दोन्ही ड्रायव्हरांच्या शटडाउन पायांना जोडावेत. हा पाय खाली गेला की चारही मॉसफेट बंद होतात. मायक्रोकंट्रोलर याच रेषेला २.२ किलोओहममधून वर धरतो, आणि १० किलोओहम तिला कायम खाली ओढत असतो. त्यामुळे मायक्रोकंट्रोलर जागा होण्यापूर्वी किंवा रिसेट होत असताना ब्रिज बंदच राहतो. रेषा खाली गेल्याचे दिसताच प्रोग्रामने आपलाही हात काढून घ्यावा आणि माणूस येऊन बटण दाबेपर्यंत पुन्हा प्रयत्न करू नये.

तिसरा थर सर्वांत जाडाभरडा आणि म्हणून सर्वांत विश्वासाचा. पहिल्या लिमिट स्विचच्या दोन सेंटिमीटर पुढे, बफरच्या आधी, आणखी दोन स्विच बसवा. हे दोन स्विच आणि लाल मशरूम बटण एका माळेत जोडून त्या माळेतून २४ व्होल्टच्या कॉन्टॅक्टरची (मोठ्या रिलेची) कॉइल चालवा. कॉन्टॅक्टर ट्रान्सफॉर्मरच्या २३० व्होल्टच्या बाजूला ठेवावा. तिथे एसी तोडायची असल्याने ठिणगीचा त्रास कमी, आणि कपॅसिटरमध्ये उरलेली ऊर्जा अवघी ३ जूल असते, ती मोटर डोळ्याचे पाते लवण्याआधी संपवते. मॉसफेट शॉर्ट झाला तर या थराशिवाय दुसरे काहीही कॅबिनेट थांबवू शकत नाही. कॉन्टॅक्टरला स्वतःला धरून ठेवणारा संपर्क आणि वेगळे स्टार्ट बटण द्या. उन्हाळ्यात वीज दोन मिनिटांसाठी जाते आणि येते; ती आल्याबरोबर कॅबिनेट आपोआप हलू लागले तर खाली चिल्लर शोधणाऱ्या मुलाचा हात त्यात सापडू शकतो. कॅबिनेट या शेवटच्या स्विचवर अडकले तर सोडवण्यासाठी पाठीमागच्या दाराआड एक दाबून धरायचे बटण असू द्या, कुलूपबंद.

पॉटची वायर तुटल्याचे ओळखणेही सोपे आहे, मी ते आधी केले नाही इतकेच. ५ किलोओहमच्या पॉटच्या दोन्ही टोकांना ४७० ओहमचे रेझिस्टर लावा. मग दहा बिटांच्या (शून्य ते १०२३) वाचनात आकडा ८१ च्या खाली किंवा ९४२ च्या वर जाऊच शकत नाही. मधल्या पायाला १०० किलोओहमने ग्राउंड द्या, म्हणजे ती वायर तुटली तर वाचन शून्याकडे जाते. ६० च्या खाली किंवा ९६५ च्या वर काहीही दिसले की ते कॅबिनेटचे स्थान नसून बिघाड आहे असे समजून थांबायचे.

प्रोग्राम

एटीमेगा ३२८ पी हा मायक्रोकंट्रोलर पुरेसा आहे. टायमर १ फेज-करेक्ट पद्धतीने चालवून त्याची वरची मर्यादा ४०० ठेवली की १६ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर २० किलोहर्ट्झ मिळतात. आर्डुइनोच्या मूळच्या ४९० हर्ट्झवर मोटर अशी गुणगुणते की खेळाचे संगीत ऐकू येत नाही. ९५ टक्क्यांची मर्यादा म्हणजे ४०० पैकी ३८०.

गेमकडून येणारे चार बिट अगदी एकाच क्षणी बदलत नाहीत. सातावरून आठावर जाताना चारही बिट उलटतात, आणि मधल्या क्षणी वाचलात तर शून्य किंवा पंधरा दिसू शकतो. मग कॅबिनेट विनाकारण झटका देते. एक मिलीसेकंदाच्या अंतराने तीनदा तोच आकडा आला तरच तो मानावा. त्या आकड्यावरून पॉटचे अपेक्षित वाचन काढायचे, प्रत्यक्ष वाचनाशी वजाबाकी करायची आणि फरकाच्या प्रमाणात ड्यूटी द्यायची, इतकेच गणित आहे. ते दर ५ मिलीसेकंदांनी करावे. फरक सहापेक्षा कमी असेल तर मोटर बंद, नाहीतर ती एका जागी कुरकुरत राहते. पीआयडीचे (फरक, त्याची बेरीज आणि त्याचा वेग असे तिन्ही धरणाऱ्या नियंत्रणाचे) पूर्ण गणित घालण्याच्या फंदात मी दोन रविवार घालवले. वर्म गिअरच्या यंत्राला त्याची गरज नाही. गरज आहे ती ड्यूटी एकदम न वाढवण्याची. प्रत्येक फेरीत ४०० पैकी ८ पेक्षा जास्त बदल होऊ दिला नाही की शून्यापासून पूर्ण जोरापर्यंत पाव सेकंद लागतो, गिअरचे दात वाचतात आणि बसणाऱ्याच्या मानेला हिसका बसत नाही.

ड्यूटी ४० टक्क्यांच्या वर असूनही अर्ध्या सेकंदात पॉटचे वाचन पाचनेही सरकले नाही, तर काहीतरी अडकले आहे असे धरून थांबा. वॉचडॉग (प्रोग्राम अडकला तर चिप रिसेट करणारा टायमर) १२० मिलीसेकंदांवर ठेवा आणि त्याला थोपटण्याची ओळ मुख्य फेरीत एकाच ठिकाणी लिहा. ती इंटरप्टमध्ये लिहिली तर मुख्य प्रोग्राम मेला तरी वॉचडॉगला पत्ता लागत नाही.

चाचणी

पहिल्यांदा मोटरऐवजी १२ व्होल्टचे मोटारीच्या हेडलाइटचे दोन बल्ब सिरीजमध्ये जोडून सगळा बोर्ड टेबलावर चालवा. त्यानंतर मोटर जोडा, पण तिचा दांडा कॅबिनेटला जोडू नका. या अवस्थेत प्रत्येक लिमिट स्विच हाताने दाबून पाहा, पॉटच्या तिन्ही वायरी एकेक करून उपसा, मायक्रोकंट्रोलर सॉकेटमधून काढून घ्या आणि प्रत्येक वेळी मोटर थांबते का ते पाहून वहीत बरोबरची खूण करा. चालत्या यंत्राची वायर उपसायला मन धजत नाही, पण ती तुम्ही उपसली नाही तर एक दिवस ती आपणहून निघेल.

मग दांडा जोडा आणि बैठकीवर रेतीची पोती ठेवा: आधी एक, पन्नास किलोचे, मग दोन, मग तीन. दोन आसनांवर दोन जाडजूड मोठी माणसे बसली तर दीडशे किलोपेक्षा जास्त भार येतो, म्हणून मी शेवटी चार पोती ठेवून तासभर कॅबिनेट सतत टोकापासून टोकापर्यंत हलवले आणि दर दहा मिनिटांनी मॉसफेट, ब्रिज व मोटरचे तापमान लिहिले. सर्व पोती एकाच आसनावर ठेवूनही पाहावे. एकटा खेळणारा माणूस भार कायम एका बाजूला टाकतो, आणि त्या बाजूकडून वर येताना करंट किती चढतो ते तेव्हाच दिसते.

ही चाचणी सकाळी करू नका. मे महिन्यात दुपारी दोन वाजता करा, जेव्हा बाहेर ४५ अंश असतात आणि बंद कॅबिनेटच्या पोटात त्याहून दहा-पंधरा अंश अधिक. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर १०५ अंशांचेच घ्या. तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. आणि डिसेंबरात एकदा पहाटे पुन्हा करा, कारण थंडीत गिअरबॉक्समधले ग्रीस घट्ट होते आणि उन्हाळ्यात बसवलेली अडकल्याची सीमा तेव्हा उगाचच लागू होते. माझ्याकडे ती ३० टक्क्यांवर होती. पहिल्याच थंडीत सकाळी कॅबिनेट हलेना म्हणून ती ४० केली.

कूलरविषयी एक सूचना. आपल्याकडे पार्लर, हॉल, घर, सगळीकडे उन्हाळाभर कूलर चालतो, आणि त्याच्या हवेबरोबर येणारी ओल बोर्डावर व कनेक्टरांवर पांढरट हिरवा थर चढवते. बोर्डावर कन्फॉर्मल कोटिंगचे (ओल रोखणाऱ्या वार्निशचे) दोन हात द्या, टर्मिनल आणि पॉट सोडून. बोर्ड तळाशी न ठेवता पाठीमागच्या दाराच्या आतल्या अंगाला, उभा लावा, टर्मिनल खालच्या बाजूस, म्हणजे वायरीवरून ओघळलेले पाणी बोर्डात शिरत नाही आणि कार्बनची भुकटीही साचत नाही. कॅबिनेटच्या लोखंडी सांगाड्याला अर्थिंग आहे हे प्लगच्या जाड पिनेपासून मल्टिमीटर लावून पाहावे.

दार बंद करण्यापूर्वी त्याच दारावर सर्किटचा हाताने काढलेला नकाशा चिकटवा. त्यावर वायरींचे रंग, मधल्या स्थितीतले पॉटचे वाचन, रिकाम्या कॅबिनेटचा आणि शंभर किलो भाराचा करंट, फ्यूजचे आकडे आणि तारीख लिहा. माझ्या दारावर मधले वाचन ५१४ आणि रिकामा करंट ३.८ अँपिअर लिहिलेला आहे. महिन्यातून एकदा दार उघडून मी हे दोन आकडे पुन्हा मोजतो आणि खाली पेन्सिलीने लिहितो; करंट साडेचारवर गेला की ग्रीस आणि ब्रश पाहायचे, आणि मधले वाचन दहाने सरकले की पॉटच्या दांड्यावरचा ग्रब स्क्रू घट्ट करायचा.